दातात धरलेला पट्टा

व्हिडिओ गेम खेळण्याआधी जो पाय धुतो, खेळताना ज्याच्या पाठीवरून घामाच्या धारा लागतात आणि खेळून झाल्यावर जो "आज पान्याला वढ जास्त होती" असं म्हणत चहा मागतो, असा माणूस सबंध पनवेल तालुक्यात एकच आहे आणि तो माझा मामा आहे. हे वाक्य लिहिताना मी जरा थांबले होते, कारण तालुका मोठा आहे आणि मी काही घरोघरी जाऊन पाहिलेलं नाही. पण कॉलेजची सगळी वर्षं विचुंब्याला मामाकडे काढल्यावर मला असं वाटतं, की तसा दुसरा कोणी असता तर त्याचा आवाज आमच्यापर्यंत आला असता. मामाचा आवाज तळमजल्यावरच्या वाण्यापर्यंत जातो.

आमचं घर उरणच्या बाजूला, मिठागरांच्या गावात. दहावीच्या पुढे गेलेली घरातली मी पहिली. कॉलेज पनवेलला मिळालं तेव्हा बाबांनी माझी बॅग मामाच्या दारात ठेवली आणि "हिला अभ्यास करू द्या" एवढंच सांगितलं. मामाने मान डोलावली आणि तो टीव्हीकडे वळला, कारण टीव्हीत त्या वेळी एक मगर तोंड उघडून उभी होती. मामा मूळचा खाडीकाठचा. जिथे त्याची होडी बांधलेली असायची तिथून आता विमानं उडतात. गाव उठलं, होडी गेली, मामा-मामी विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये आले. दोन गाळे भाड्याने दिलेले असल्यामुळे मामाला दिवसभर काही काम नसतं, आणि काम नसणं त्याला नव्या चपलेसारखं चावतं. माझ्या मामेबहिणीने, ताईने, नोकरी लागल्यावर हौसेने गेमचं मशीन घेतलं होतं. लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि मशीन इथेच राहिलं. मामीने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. मामाने एक दिवस तो रुमाल उचलला, आणि तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

गेम साधाच होता. एक मुलगी होडीतून बेटामागून बेट हिंडते, वाटेत तलवार चालवते, दोर फेकून कडे चढते, मगरींशी लढते आणि शेवटच्या बेटावरचा विझलेला दिवा पेटवते. हा गेम दोन तऱ्हांनी खेळता येतो. एक, दोन्ही हातांत धरायचा मोठा कंट्रोलर, त्यावर बटणं. हे बटण दाबलं की ती उडी मारते, ते दाबलं की तलवार फिरवते. दुसरी तऱ्हा म्हणजे दोन छोट्या दांड्या, एकेका हातात एकेक. उजवी दांडी आपण हात जसा हलवू तसा ओळखते, हात फिरवला की पडद्यावर तलवार फिरते. मामाने मोठ्या कंट्रोलरकडे एकदा पाहिलं, तो रुमालाखाली ठेवून दिला आणि दांड्या हातात घेतल्या. त्या दांडीला एक छोटा पट्टा असतो. तो मनगटात अडकवायचा, म्हणजे दांडी हातातून सुटून टीव्हीवर जात नाही. मामाने तो पट्टा दातात धरला.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, त्याला सांगायला हवं. मी बरीच उजळणी करून म्हटलं, "मामा, ते मनगटात घालायचं असतं."

मामाने पट्टा दातातून काढला. "कड दातात नाय धरली तर पाग पसरंल कसा गो?"

पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. त्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या असतात. एक कड दातात धरायची, बाकीचं जाळं हातांवर घ्यायचं, कमरेतून वळून फेकायचं आणि नेमक्या वेळी दात उघडायचे. मग ते हवेत ताटासारखं पसरतं. मामाचं सगळं आयुष्य हे एक वळण घेण्यात गेलं होतं, आणि आता समोर काहीही आलं तरी तो तेच वळण घ्यायचा. तलवार चालवायची असो, दोर फेकायचा असो, की झाडावरचं फळ पाडायचं असो, मामा लुंगी खोचून, उजवा पाय मागे घेऊन, पट्टा दातात धरून पागच टाकायचा. पडद्यावरच्या मुलीला हे सुरुवातीला जड गेलं असावं. ती जरा गोंधळल्यासारखी हात फिरवायची. पण हळूहळू तिलाही सवय झाली, निदान मला तरी तसं वाटायचं.

मामीला मात्र सवय झाली नाही. त्या वळणात एकदा लोणच्याची बरणी गेली, एकदा शोकेसची काच, आणि एकदा पंख्याचं पातं असं वाकलं की तो उन्हाळाभर लंगडत फिरत होता. शेवटी मामीने फरशीवर खडूने एक जाड रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे मामा, अलीकडे जग. मामा खेळत असताना कोणी रेघ ओलांडायची नाही आणि मामाने अलीकडे यायचं नाही. फरशी पुसली की मामी ती रेघ पुन्हा ओढायची, रोज, उंबऱ्यावरच्या रांगोळीच्या नंतर लगेच.

मी बटणांच्या बाजूची होते. मला मामाची चेष्टा करायची नव्हती, मला खरंच त्याला पटवायचं होतं. मी त्याला शांतपणे समजावून सांगायची, की बटण कधी चुकत नाही, दमवत नाही, आणि शोकेस फोडत नाही. दांडी कधीकधी वेगळंच समजते; त्याने दोर फेकला तर मुलगी तलवार काढते. मामा सगळं ऐकून घ्यायचा. मग म्हणायचा, "चुकलं तर चुकलं. खाडीत काय दर वेलेला मासा येतो? बटन दाबून दिवा लागतो बाय, मानूस नाय चालत." आणि मी फारच मागे लागले की त्याचं ठेवणीतलं उत्तर यायचं. तो उजव्या हाताचा अंगठा वर करून माझ्यासमोर धरायचा. "माझ्या बापानं जन्मात एकदाच कागदावर असा अंगठा लावला नी खाजनाची जमीन गेली. अंगठ्याची कामं आपल्या घराला लाभत नाय." यावर कॉलेजमध्ये शिकलेलं काहीच मला उपयोगी पडायचं नाही.

पण बटणांपेक्षाही मला छळायची ती मामाची होडी. टीव्हीतली. पाऊस सुरू झाला की मामा टीव्हीतली होडी किनाऱ्याला लावून ठेवायचा आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात घालायचा नाही. मधले सगळे आठवडे ती बिचारी मुलगी बेटावर नारळ गोळा करत, झाडाखाली बसत आणि उगाच डोंगर चढत-उतरत काढायची. पहिल्या वर्षी मी न राहवून म्हटलं, "मामा, तिथे ऊन आहे. समुद्र बघ कसा सपाट आहे."

"आपल्याकडं पावसाला हाय ना."

"पण टीव्हीतल्या समुद्राला कुठे ठाऊक आहे इथे कुठला महिना चाललाय?"

"त्याला नसंल म्हाईत," मामा म्हणाला. "मना हाय."

नारळी पौर्णिमेला मात्र थाट असायचा. खाडीकाठच्या जुन्या घरातून मामाने एकच वस्तू या फ्लॅटमध्ये आणली होती, त्याचा पाग. तो हॉलच्या दारावर खुंटीला टांगलेला असतो. पौर्णिमेला मामा अंघोळ करून, नवा शर्ट घालून, उजव्या हाताने तो खाली उतरवायचा, नारळाच्या पाण्याने शिंपायचा, हळद-कुंकू लावायचा आणि पुन्हा वर टांगायचा. मग टीव्हीला एक फूल वाहून होडी काढायचा. मामी हे बघून कपाळावर हात मारायची, पण फूल तीच आणून द्यायची.

गेल्या मे महिन्यात, शेवटच्या बेटाच्या अगदी तोंडाशी, मगरीवर पाग टाकताना मामाच्या खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. रेघेच्या अलीकडे बसून भाजी निवडणाऱ्या मामीलाही ते ऐकू आलं. पुढच्या आठवड्यात मामाला शर्ट घालताना हात वर नेता येईना, आणि त्यानंतर केस विंचरतानाही. मी त्याला जवळच्याच खांदा कॉलनी नावाच्या वसाहतीत एका फिजिओथेरपीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात.

"काका, हे कसं झालं?"

"मगरीवर पाग टाकताना," मामाने खरं तेच सांगितलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मगर टीव्हीतली आहे."

"आणि ते पाग वगैरे?"

"तो पन टीव्हीतलाच," मामा म्हणाला. "खांदा तेवढा खरा हाय."

डॉक्टर हसल्या नाहीत याचं मला बरं वाटलं. त्यांनी व्यायाम दाखवला. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी हळूहळू वर चढायचं, जिथे दुखेल तिथे थांबायचं. वेळ लागेल, म्हणाल्या, आणि वयाचं काही सांगता येत नाही, हात पूर्ण वर जाईलच असं नाही. तोवर झटका द्यायचा नाही. परतताना रिक्षात मामाने पुढच्या सीटच्या पाठीवर बोटं चढवून पाहिली. मग म्हणाला, "पालीसारकं भिंतीवर चढायचं. यासाठी इतकी शिकली ती पोर."

घरी आल्यावर मामीने क्रोशाचा रुमाल उचलून मोठा कंट्रोलर बाहेर काढला आणि मामाच्या मांडीवर ठेवला. "आता गपचूप बटनं दाबा. शोकेसपन वाचंल नी खांदापन."

मामाने तो परत माझ्या मांडीवर ठेवला. "पैज लावतंस?" त्याने मला विचारलं. "नारली पुनवेला मी माझ्या हातानं पाग उतरवनार. उतरवला तर खेल माझ्या रीतीनं. नाय उतरवला, तर तुझ्या बटनांनी. अंगठ्यानं."

मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, मी सहज जिंकेन आणि ते त्याच्या भल्याचंच असेल.

त्या पावसाळ्यात होडी बांधलेलीच होती, त्यामुळे कोणाचंच अडलं नव्हतं. मी हॉलमध्ये अभ्यासाला बसायची आणि समोर मामा भिंतीवर बोटं चढवायचा. रोज जिथवर बोटं पोहोचायची तिथे मामी खडूची खूण करायची. फरशीवरचा खडू आता भिंतीवर आला होता. काही दिवस खूण चढायची, एखादे दिवशी उतरायची. उतरली की मामा भिंतीलाच बोल लावायचा, "या बिल्डरनं भिंत वाकडी बांधली हाय." चढली की जेवताना दोन भाकऱ्या जास्त. मी पुस्तकात डोकं घालून बसायची, पण पानं उलटायची विसरायची. श्रावण लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी त्या खुणेकडे पाहून मनातल्या मनात "अजून थोडं, अजून थोडं" म्हणते आहे. स्वतः लावलेली पैज आपणच हरावी असं मला वाटायला लागलं होतं, आणि हे कोणाला सांगावं ते कळत नव्हतं.

पौर्णिमेच्या सकाळी मामाने नवा शर्ट घातला. बटणं मामीने लावली. तो दारापाशी उभा राहिला, खुंटीकडे पाहिलं आणि हात वर न्यायला लागला. हात खांद्याच्या वर गेला. कानापर्यंत गेला. कानाच्या थोडा वर गेला, आणि तिथे थांबला. त्याची बोटं जाळ्याच्या कडेला लागत होती, शिशाच्या गोळ्या एकमेकींवर बारीक वाजत होत्या, पण खुंटी अजून वीतभर लांब होती. मामाने टाच उचलली. मग टाच खाली ठेवली आणि हातही खाली घेतला.

"स्टूल देऊ?" मी विचारलं.

"नको."

"डाव्या हाताने काढ ना मग."

"देवाचं काम डाव्यानं नाय करायचं." मामा बाजूला झाला. मामी स्टुलावर चढली आणि तिने पाग उतरवला. तो उतरवायची तिची ती पहिलीच वेळ. पूजा झाली, नारळ फुटला, टीव्हीला फूल वाहिलं. मग मामाने स्वतःहून खुर्ची ओढली, तिच्यावर बसला आणि माझ्याकडे हात पुढे केला. "दे तुझी बटनं."

मी त्याला शिकवायला बसले. किती दिवस मी या क्षणाची वाट पाहिली होती. "हे उडी, हे तलवार, हे दोर." मामाने अंगठे बटणांवर असे ठेवले, की जणू त्याला कोणी शाईचं पॅड दिलं आहे. होडी निघाली आणि उलटी जाऊन किनाऱ्यावर चढली. मग ती गोल फिरली. मगर तोंड उघडून आली, तेव्हा मामाने इतकी बटणं एकदम दाबली की मुलीने आधी टोपी काढली, मग खिशातून एक पेरू काढून शांतपणे खाल्ला. मला हसू आलं, मामालाही आलं. पण मामा चटकन शिकणारा माणूस आहे. थोड्या वेळात होडी सरळ जायला लागली. तलवार वेळेवर निघू लागली. मामा खुर्चीत पाठ टेकून बसला होता. पाय जमिनीवर, लुंगी खाली, घाम नाही. तो कोणाला शिव्या देत नव्हता, वाऱ्याला नाही की मगरीला नाही. त्याचे फक्त दोन अंगठे हलत होते. तो अगदी बरोबर खेळत होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आतून नारळीभाताचा वास येत होता. स्वयंपाकघरातून मामीने विचारलं, "लाईट गेली काय गो?"

"नाही मामी."

"मग आवाज का नाय?" ती उलथनं हातात घेऊन बाहेर आली. तिने खुर्चीतल्या मामाकडे पाहिलं. मग म्हणाली, "उठा."

"पैज म्हंजे पैज," मामा टीव्हीकडे बघत म्हणाला.

"पैजेत काय बोललात? अंगठ्यानं खेलीन बोललात. कोनाच्या अंगठ्यानं ते कुटं बोललात?" मामीने उलथनं माझ्याकडे रोखलं. "हिचा हाय ना. कॉलेजला जाऊन एवढे मोबाईल दाबते."

मला तेव्हा एक गोष्ट सुचली आणि मी ती भीतभीत बोलून टाकली. त्या दोन दांड्या वेगवेगळ्या असतात. डाव्या दांडीवर एक छोटी कळ आहे, ती अंगठ्याने फिरवली की मुलगी चालते, होडी वळते. हात हलवून करायचं ते सगळं उजवीचं काम. "डावी मी घेते, मामा. चालवायचं मी बघते. टाकायचं तू बघ. हात जाईल तेवढाच ने."

मामा विचार करत बसला. पैज मोडते की नाही, हे तो खरोखर तपासून पाहत होता. मग त्याने मामीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू वकील व्हायची होतीस."

"चुलीपुढं बसून झाले मी," मामी म्हणाली, आणि तिने शोकेस भिंतीला सरकवलं.

मामा उठला. पाय धुऊन आला. एका हातानेच लुंगी खोचायला धडपडला, तेव्हा मामीने ती खोचून दिली. आम्ही दोघं रेघेपलीकडे उभे राहिलो, मी पहिल्यांदाच त्या बाजूला. मी अंगठ्याने होडी मगरीच्या समोर आणली. मामाने पट्टा दातात धरला, उजवा पाय मागे घेतला, कमरेतून वळला आणि हात कानापर्यंत नेऊन टाकला. जेमतेम अर्धा पाग होता तो. पण पडद्यावरच्या मुलीने पुरता फेकला. तिचा दोर नेहमीसारखा लांब गेला आणि मगरीच्या जबड्याला गच्च बसला. मला तेव्हा कळलं, की दांडीला मनगटाच्या एका झटक्याहून जास्त काही कधी लागतच नव्हतं. ते कमरेचं वळण, ती मागे घेतलेली टाच, दात उघडण्याची नेमकी वेळ, यातलं काहीही त्या मशीनपर्यंत कधी पोहोचलं नव्हतं. हे मी मामाला सांगितलं नाही. तो माझ्याकडे वळून, धापा टाकत म्हणत होता, "बघ. अजून बसतो नेम."

"होडी डाव्या अंगाला घे गो," तो मग ओरडायला लागला. "आरं, वढ हाय तिकडं. घे, घे." मी घेतली. मामी रेघेच्या अलीकडे उभी राहून दोघांनाही शिव्या देत होती. खालून वाण्याने हाक मारून विचारलं, की सुरू झालं का एकदाचं. भात थोडा लागला. त्या संध्याकाळी मुलगी शेवटच्या बेटावर पोहोचली आणि तिने दिवा पेटवला. मग पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं खालून वर जायला लागली. मी दांडी खाली ठेवली, पण मामा हात जोडून उभाच राहिला, सगळी नावं संपेपर्यंत. "एवढ्या मानसांनी मिलून होडी बांधली," म्हणाला. "मधीच कसं बसायचं?"

दुसऱ्या दिवशी त्याने गेम पुन्हा पहिल्या बेटापासून सुरू केला. त्याचा हात अजून खुंटीपर्यंत जात नाही. खूण कानाच्या वर चार बोटांवर येऊन थांबली आहे आणि बिल्डरने भिंत वाकडी बांधली आहे हे आता घरात सर्वमान्य आहे. माझं कॉलेज संपलं, पुढच्या शिक्षणासाठी मी मुंबईत हॉस्टेलवर आले. डावी दांडी सध्या मामी धरते. फोनवर मला मागून आवाज येतो, "अगो, डावीकडं, डावीकडं," आणि मामीचा, "तुमी तुमचं टाका, होडी माझी हाय."

इथे मी कधीतरी फोनवर खेळते. साधा गेम, दोन बटणांचा, दोर फेकून कडे चढायचा, अंगठ्यांनी. परवा खोलीतली मैत्रीण म्हणाली, तुझा खांदा का असा वर जातो गं खेळताना? मी पाहिलं तर खरंच गेला होता, कानापर्यंत. दात मिटलेले होते. त्यांच्यात काहीच नव्हतं, पण दोर सुटायची वेळ होईपर्यंत मी ते उघडले नाहीत.